मदत हवी आहे: दोन कंपन्यांचे स्विच, दुसरी केबल लावली की व्हीलॅन २० बंद

मंडळी, महापे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये तळमजल्यावर जुना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) नेटवर्क स्विच आहे, वर नवा दुसऱ्या कंपनीचा. एका केबलवर सगळं सुरळीत. राखीव म्हणून दुसरी केबल जोडली की व्हीलॅन १ (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क) चालू राहतो, पण व्हीलॅन २० वरचं डिस्पॅच ठप्प होतं. गाड्या गेटवर खोळंबतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

केबल बदलून पाहिल्या. टॅगिंग (डेटावरची व्हीलॅन क्रमांकाची खूण) आणि नेटिव्ह व्हीलॅन (खूण नसलेला डेटा जातो तो) दोन्हीकडे सारखं आहे.

माझा संशय स्पॅनिंग ट्रीवर आहे, म्हणजे जादा केबल रोखून डेटा गोल फिरत राहणं (लूप) टाळणाऱ्या व्यवस्थेवर. जुना स्विच तिचा पीव्हीएसटी हा प्रकार चालवतो, म्हणजे दर व्हीलॅनला वेगळी ट्री. नवा आरएसटीपी, सगळ्यांना मिळून एकच. व्हीलॅन १ पुरतं दोघांचं जमतं. बाकीच्या व्हीलॅनचे बीपीडीयू (ट्री ठरवण्यासाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश) जुना स्विच स्वतःच्या वेगळ्या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्यावर पाठवतो. नवा ते पुढे न सोडता टाकून देत असेल, तर लूप होऊ शकतो ना?

दोन्हीकडे एमएसटीपी (अनेक व्हीलॅनचे गट करून ट्री चालवणारा सामायिक प्रकार) करावं, की दोन्ही केबलचा एलएसीपी गट बांधावा, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी धरली जाईल? मला एलएसीपी बरं वाटतं, जुन्या स्विचची ट्री बदलावी लागणार नाही. पण वेगळ्या कंपन्यांमध्ये कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? दोन्ही टोकं ॲक्टिव्ह (स्वतःहून एलएसीपी संदेश पाठवणारी) ठेवलीत का? रविवारी युनिट बंद असतं, तेव्हाच हात घालता येईल.