अडीच मिनिटांत माणूस उभा राहतो म्हणे!

दाभोळखाडी
परवा या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, कादंबरीकाराला जे शंभर पानांत साधत नाही ते ट्रेलर अडीच मिनिटांत साधतो, म्हणजे माणूस उभा करतो. दोन दिवस गप्प राहिलो, पण हे विधान माशाच्या काट्यासारखे घशात अडकून बसले आहे. ट्रेलर माणूस उभा करत नाही; तो आधीच उभ्या असलेल्या नटाला टेकतो. ज्याला आपण वीस वर्षे पाहत आलो त्याने मान वळवून एक वाक्य टाकले की उरलेली व्यक्तिरेखा आपणच भरून घेतो. बाकी सारी ध्वनीची करामत असते: हळूहळू चढत जाणारा सूर, एकाएकी शांतता, काळा पडदा, आणि मग छातीवर आदळणारा ठोका. त्याने काळीज धडधडते हे मान्य. पण रात्री पत्र्यावर माडाची झावळी पडली तरी धडधडते, म्हणून झावळीला कोणी कलावंत म्हणत नाही.

रत्नागिरीची सिनेरसिक
झावळीची उपमा छान आहे, युक्तिवाद तितका नाही. दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘सायको’ या चित्रपटाचा १९६० सालचा ट्रेलर आपण पाहिला आहे काय? तो सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात धडधडवणारे काहीच नाही. हिचकॉक स्वतः घर दाखवणाऱ्या दलालासारखा त्या मोटेलातून आणि घरातून फिरतो, जिन्यापाशी थांबतो, भयंकर काही सांगता सांगता वाक्य अर्धवट सोडतो आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकवतो. तेथे किंचाळणारी बाईसुद्धा चित्रपटातल्या न्हाणीघराच्या प्रसंगातली जॅनेट ली नसून दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे. म्हणजे चित्रपटातला प्रसंग उसना न घेता केवळ अर्ध्या वाक्यांवर सहा मिनिटे ताण धरून ठेवला आहे. यास आपण कोणती झावळी म्हणाल?

चिपळूणचा संकलक
मी लग्नाच्या चित्रफिती जोडतो, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाचा दीड मिनिटाचा टीझर केला. वधूच्या पाठवणीचे दृश्य लावले आणि त्यापुढे तिच्या वडिलांचे पाणावलेले डोळे जोडले. सारे घर रडले. प्रत्यक्षात ते डोळे सकाळच्या होमाच्या धुराने चुरचुरत होते आणि पाठवणीच्या वेळी ते गृहस्थ केटररशी पैशांवरून वाद घालत होते. त्यांनी मला फोन करून झापले, पण टीझर काढून टाका असे काही म्हटले नाही. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव या दिग्दर्शकाने हेच दाखवले होते: निर्विकार चेहऱ्याच्या दृश्यापुढे सूपच्या वाटीचे दृश्य जोडले तर लोकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसते, शवपेटीचे जोडले तर दुःख. तेव्हा दाभोळच्या भाऊंचे एवढे खरे की ट्रेलरमधली व्यक्तिरेखा पुष्कळदा नटाने केलेलीच नसते. मात्र ती आमच्यासारख्यांनी केलेली असते, आणि त्याला मजुरीखेरीज दुसरे नाव मिळण्यास हरकत नसावी.

देवरुखचा ग्राहक
कला राहू द्या, फसवणुकीचे काय? एका ट्रेलरमधली वादळात सापडलेली होडी पाहून मी भर पावसात रत्नागिरी गाठली. चित्रपटात ती होडी नव्हतीच. ‘फॅन’ (२०१६) या चित्रपटाच्या जाहिरातीतले गाणे चित्रपटात नसल्याबद्दल एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचात दाद मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ट्रेलर म्हणजे करार नव्हे असा निकाल दिला. माझे डिझेल मात्र गेलेच.

कुडाळचा रसिक
आपणा सर्वांस होडी आणि हिचकॉक सुचतात; ट्रेलरमधून आमच्या प्रदेशाची जी व्यक्तिरेखा उभी केली जाते तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ‘तुंबाड’ (२०१८) झाला, ‘मुंज्या’ (२०२४) झाला, आता ट्रेलरमध्ये पाऊस, कौलारू घर आणि वड दिसला की माझा पुण्याचा भाचा विचारतो, “मामा, भूत कधी येणार?” येथे माणसे राहतात, आंब्याला मोहोर येतो की नाही या काळजीने झोपत नाहीत, हा ताण कोणाच्या ट्रेलरमध्ये मावत नाही काय?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
भाऊ, भुतांच्या गोष्टी आपल्याच आज्यांनी सांगितल्या, मुंबईने नव्हे. आणि उत्कंठा वाढवण्याचे म्हणाल तर आपल्या दशावतारात, म्हणजे जत्रेतल्या रात्रभराच्या लोकनाट्यात, मुख्य आख्यानाआधी संकासुर हा राक्षस येतो, तो ट्रेलर नाही तर काय आहे?

कुडाळचा रसिक
हे वाचून मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा हा पूर्वरंग, विधीचा भाग आहे. संकासुर पुढच्या आख्यानातले काहीही सांगत नाही. तो आपल्या मालवणी बोलण्याने हसवतो आणि मारला जातो. त्याला जाहिरात म्हणणे म्हणजे देवळातल्या घंटेला मोबाइलची रिंगटोन म्हणण्यासारखे आहे. हल्ली हा पूर्वरंग उरकून टाकतात तो याच समजुतीने.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
रागवा, पण जत्रेच्या आधी नाक्यावर लागणारा ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ हा फलक विधीत कोठे बसतो तेही सांगा. त्या एका शब्दावर आम्ही भावंडे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत थंडीत गोधडी घेऊन बसलो आहोत, आणि ट्रिकसीन म्हणजे दोन मिनिटांचा धूर निघाला तरी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो आहोत.

कुडाळचा रसिक
फलकापुरते मान्य. संकासुराबाबत नाही.

दाभोळखाडी
मूळ प्रश्न दशावतारी मंडळींच्या टेम्पोत बसून सावंतवाडीकडे गेलेला दिसतो. संकलक महोदयांनी वधूपित्याला फसवले, त्यालाच ते कला म्हणतात, याबद्दल त्यांचे अभिनंदन. हिचकॉकने ताण निर्माण केला हेही मी नाइलाजाने मान्य करतो. पण माझा आक्षेप व्यक्तिरेखेबद्दल होता. नटाचा चेहरा बाजूला ठेवून केवळ ट्रेलरमधून मनात राहिलेला एक माणूस सांगा.

रत्नागिरीची सिनेरसिक
त्याच ट्रेलरमध्ये हिचकॉक त्या घरातल्या मुलाची कीव करतो. एका विक्षिप्त बाईच्या धाकाखाली राहणारा बिचारा, असे काहीसे म्हणतो आणि पुढच्या खोलीकडे वळतो. तो मुलगा मला चित्रपट पाहण्यापूर्वीच ओळखीचा झाला होता. ट्रेलरमध्ये तो एकदाही दिसत नाही.

दाभोळखाडी
ठीक आहे. एक मिळाला, तोही साठ वर्षांहून जुना. दुसरा सापडला तर कळवावे. मी झावळ्या उचलायला जातो.