विषय: ओवीचं स्पॅनिश सोडायचं का? (फॉर्म शुक्रवारी द्यायचाय!!)

मंडळी, पिकनिकला हा विषय निघाला होता, पण तेव्हा मी पुऱ्या तळत होते. ओवीचं सातवी-आठवी मिळून स्पॅनिश १ झालं, नववीत स्पॅनिश २. दहावीत ते सोडून तिला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय. शाळेतली काउन्सेलर म्हणते, यूसीचं (कॅलिफोर्निया विद्यापीठाचं) 'ई', म्हणजे प्रवेशासाठीची दुसऱ्या भाषेची अट, झालं, सोडा. पण हार्वर्ड एकाच भाषेची ४ वर्षं सुचवतं. मंडळाच्या आपल्या रविवारच्या मराठी शाळेत तिने सहा वर्षं मराठी केलंय, ते कुठे धरतात का?
– ओवीची आई

---

वहिनी, काउन्सेलरचं बरोबर आहे. यूसी वर्षं मोजत नाही, लेव्हल मोजते. किमान २, शिफारस ३ ची. मिडल स्कूलचंही धरतात, फक्त 'सी'च्या खाली ग्रेड नको. स्टॅनफर्ड ३ किंवा जास्त सुचवतं. आता 'सुचवतं' म्हणजे सासूबाईंचं "जमलं तर या". न जाऊन बघा! आमच्या चिरंजीवांनी लेव्हल ३ केली, रडतखडत, पण केली.
– नंदू

---

मराठी शाळेतर्फे: मराठी शिकल्याचं पत्र हवं असल्यास दोन आठवडे आधी कळवावे, हे दर सप्टेंबरला सांगते. मागे एका पालकांचा रात्री अकराला फोन आला होता. आणि पत्र म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. ओवीची यंदाची हजेरी सोळापैकी नऊ रविवार आहे. तिसरीची दोन पुस्तकंही परत यायची आहेत.
– शुभदा

---

शुभदाताई, मुलांची हजेरी लिस्टवर कशाला? रविवारी सॉकर असतं, सगळ्यांचंच. शाळा शनिवारी घ्या, असं तीन वर्षं म्हणतोय.
– मिलिंद

---

शनिवारी हॉल तेलुगू मंडळींकडे असतो. तीन वर्षं हेच उत्तर देतेय.
– शुभदा

---

मूळ प्रश्नावर येऊ का? माझा पुतण्या आठवी करून नाशिकहून आला, मराठी माध्यम. सहावीपासून पुढे दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या माध्यमात चांगल्या ग्रेडने शिकलेलं असेल तर यूसीला 'ई' म्हणून चालतं. पठ्ठ्याने इथे स्पॅनिशचं पुस्तक उघडलं नाही. इथे जन्मलेल्यांसाठी वाट अशी, की जिथे मान्य परीक्षा नाही तिथे हायस्कूलचे प्रिन्सिपल भाषा येते असं प्रमाणित करून ट्रान्सक्रिप्टवर नोंद करू शकतात, आणि त्यासाठी सांस्कृतिक संस्थेचा सल्ला घेऊ शकतात. शुभदाताईंचं पत्र तिथे कामाचं. पण ओवीचं 'ई' स्पॅनिशनेच भागलंय, तिला हा खटाटोप कशाला?
– अनघा

---

एपी (हायस्कूलमधली कॉलेजच्या पातळीची परीक्षा) मराठीत का सुरू करत नाहीत? मंडळाने ठराव करावा.
– नंदू

---

नंदूभाऊ, एपी हिंदीसुद्धा नाही. कॉलेज प्रवेशासाठी सॅट सब्जेक्ट टेस्ट होत्या, त्यांतही हिंदी नव्हती, आणि २०२१ मध्ये इथे त्या बंदच झाल्या. सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा येतात असा शिक्का) बघा, कॅलिफोर्नियात २०१२ पासून आहे. डिप्लोमावर सोनेरी शिक्का बसतो. पण त्याला वाचन-लेखन दाखवावं लागतं, नुसतं "आजी, जेवलीस का" पुरत नाही. आमची लेक बोलते फर्डं, पण 'आणि'चा 'ण' अजून उलटा काढते.
– अनघा

---

'ण' दुसरीत घेतो आम्ही. घरी गिरवून घेत नाहीत.
– शुभदा

---

सगळ्यांचे आभार. काल स्पॅनिशच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, दहावीत सोडलं आणि अकरावीत वाटलं की हवं होतं, तर मधल्या वर्षात क्रियापदं साफ विसरलेली असतात. स्पॅनिश ३ ला खूण केली, कॉम्प्युटर उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात. ओवी बोलत नाहीये माझ्याशी, कुठल्याच भाषेत. शुभदाताई, पुस्तकं गाडीच्या डिकीत सापडली, एकावर वरण सांडलंय. रविवारी आणते.
– ओवीची आई

---

रविवारी शाळा नाही, हॉलमध्ये लग्न आहे. मेल पाठवली होती.
– शुभदा