ऑडिओबुक : लोकलच्या गर्दीत ऐकायला सायफाय, थ्रिलर, फँटसी सुचवा

उभाप्रवासी
मंडळी सल्ला हवाय. डोंबिवली ते सीएसएमटी रोजचं जाणंयेणं, तेही उभ्यानं, त्यामुळे हातात पुस्तक धरायचा प्रश्नच येत नाही, म्हणून ऑडिओबुकं सुरू केलीत. इंग्रजी वाचताना काही वाटत नाही, पण ऐकताना मधेच कोणीतरी 'दादर उतरणार का' करत ढकलतो, तेवढ्यात चार वाक्यं निघून जातात आणि मग आत्ता मेला तो नक्की कोण होता तेच कळत नाही. एका फँटसीत तर सुरुवातीलाच इतकी राजघराणी आली की मी सरळ गाणी लावली. तर गर्दीतही धागा सुटणार नाही असं काय आहे? आणि मराठीत या प्रकारातलं काही? उगाच नाटकी, रडवेला आवाज नको प्लीज. आगाऊ धन्स.

निशाचर
डोळे झाकून प्रोजेक्ट हेल मेरी. अँडी वीअर, वाचलंय रे पोर्टरने, साधारण १६ तास. तुझ्यासाठी बेस्ट का ते सांगतो. हिरो यानात जागा होतो, शेजारी दोन मृतदेह आणि याला स्वतःचं नाव पण आठवत नाही. त्याला जसजसं आठवत जातं तसतसं आपल्याला कळतं, म्हणजे आधीचं लक्षात ठेवायची भानगडच कमी, शिवाय बराच वेळ माणूस एकटाच आहे, घराणी बिराणी काही नाही. आणि पुढे एक परग्रहवासी भेटतो तो सुरांत बोलतो, पुस्तकात त्या जागी नुसती सुरांची चिन्हं छापलीत, ऑडिओत ते सूर खरेच वाजतात. मी आधी वाचलं होतं तरी ऐकताना वेगळीच मजा आली. २०२२ ला ऑडिओबुकांसाठीच्या ऑडी पुरस्कारांत ऑडिओबुक ऑफ द इयर पण हेच होतं.

चहाबाज
अरे स्पॉयलर!! 😡

निशाचर
सिनेमाच्या ट्रेलरमध्येच दाखवलाय तो, माझ्यावर कशाला चिडतोस

रंकाळा_एक्सप्रेस
भावा मराठीत भयकथावाले नारायण धारप. स्टोरीटेल म्हणून ऑडिओबुकचं ॲप हाय, त्यावर बघ, मिळतील. मी कामानिमित्त कोल्हापूर बेळगाव गाडी मारतो, हायवेला धारप लावतो. त्यांची मांडणीच अशी की एक माणूस गावात, वाड्यात येतो, सगळं साधं चाललेलं असतंय आणि मग एकच बारकी गोष्ट चुकीची वाटाय लागते. नावं कमी, वातावरण जास्त, त्यामुळं मधली दोन वाक्यं गेली तर काय बिघडत न्हाई. फक्त रात्री एकट्यानं ऐकू नगंस, गाडीच्या मागच्या सीटकडं बघाय लागतंय 😅 तिथंच व्हायरस पुणे म्हणून एक सिरीज पण हाय, मूळ स्वीडनची, स्टॉकहोममध्ये घडणारी, ती उचलून पुण्यात आणल्या. ओळखीचे रस्ते कानावर आले की चित्र लगेच उभं राहतंय. मला धारप जास्त आवडले, पण तुकड्या तुकड्यानं ऐकायला हे सोयीचं.

जर्सीकरीण
धाग्यावर जरा उशिरा आले. माझं मत, लेखकाइतकाच वाचणारा बघून पुस्तक निवडा. ड्यून या सायफाय कादंबरीच्या ऑडिओबुकचंच उदाहरण घ्या, त्यात काही प्रकरणांत प्रत्येक पात्राला वेगळा नट आणि काही प्रकरणांत एकच जण सगळ्यांचे आवाज काढतो, म्हणजे काल ज्याचा आवाज जाडाभरडा होता तो आज बदललेला. कादंबरी थोर आहे पण लोकलमध्ये नको. फँटसीच हवी असेल तर लॉर्ड ऑफ द रिंग्ज, अँडी सर्किसने वाचलेलं. सिनेमात गॉलम झालेला तोच हा, त्यामुळे गॉलमबद्दल तर बोलायलाच नको, आणि गाणीसुद्धा स्वतः म्हणतो. मात्र आधी सिनेमे बघून घ्या, पुस्तकात नकाशा असतो, कानात नसतो. आणि हिचहायकर्स गाइड हे विनोदी सायफाय मुळात बीबीसी रेडिओवरच आलं होतं, १९७८ ला, पुस्तक नंतरचं. कानासाठीच लिहिलेलं असल्याने फरक जाणवतो. तिथे तुम्हाला लिबी हे लायब्ररीचं ॲप चालेल का बघा, आमच्याकडे लायब्ररीच्या कार्डावर फुकट मिळतं पण नव्या पुस्तकांना रांग असते, मी एका वेळी पाचसहा होल्डवर टाकून ठेवते, मग सगळी एकदमच हातात येतात तो भाग वेगळा.

साधामाणूस
फुकटात हवं तर लिब्रिव्हॉक्स. २००५ पासून चालू आहे, स्वयंसेवक वाचतात, कॉपीराइट संपलेली पुस्तकं. वेल्सचं वॉर ऑफ द वर्ल्ड्स (१८९८) ऐका, मंगळावरचे लोक उतरतात ते लंडनजवळ वोकिंगला, आणि सगळी गोष्ट एकच माणूस 'मी' करून सांगतो. एकच काळजी घ्या, काही रेकॉर्डिंगमध्ये दर प्रकरणाला वाचणारा बदलतो, एखादा कंटाळून वाचत असतो. 'सोलो' लिहिलेलं शोधा. थ्रिलरमध्ये माझं मत शेरलॉक होम्सच्या लघुकथांना, स्टीफन फ्रायचं रेकॉर्डिंग आहे. जाताना एक गोष्ट, साधारण ऑफिसपर्यंत खुनी सापडतो.

उभाप्रवासी
वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली. हेल मेरी आणि धारप आजच घेतो. स्पीड किती ठेवता? मित्र दीडपटीने ऐकतो म्हणे.

जर्सीकरीण
दीडपटीने थ्रिलर म्हणजे शांतता पण कापली जाते हो, आणि थ्रिलरमध्ये तीच महत्त्वाची. इंग्रजी उच्चार कानाला बसेपर्यंत १ वरच ठेवा, मग फार तर १.२५.

रंकाळा_एक्सप्रेस
धारप १ वरच. ते वाढवायचं न्हाई.

निशाचर
आणि ३० सेकंद मागे जायचं बटण लॉक स्क्रीनवर येतं का ते आधी बघ. इअरफोनच्या बटणाला दिलंस तर अजून बरं, खिशातून मोबाईल काढायलाच नको. दादरला तेच लागणार आहे तुला.