बुलेझचं १९६९ की १९९१?

अण्णा, स्ट्राव्हिन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅलेसंगीत पिअर बुलेझ ह्या फ्रेंच कंडक्टरनं १९९१ मध्ये क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं ते रेकॉर्डिंगच फायनल, १९६९ चं नुसतं कच्चं, असं तुम्ही लिहिलंय, ते मला काय पटेना बघा. ऑर्केस्ट्रा तोच आणि हा माणूस तर दोन्हीकडं तालात एक सूत पण हलत नाही, मग फरक कुठं? तर 'बसून' नावाच्या फुंकवाद्याचा सुरुवातीचा तुकडा संपल्यावर तंतुवाद्यं एकच कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) ठोकत सुटतात आणि आठ हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) मधेच भलत्या मात्रेवर घाव घालतात ना, ती जागा हेडफोन लावून ऐका (आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत सध्या पाऊस असा बडवायलाय की स्पीकरचा उपयोगच नाही). ६९ मध्ये तो घाव अंगावर येतो, ९१ मध्ये सगळं स्वच्छ, प्रत्येक वाद्य वेगळं दिसल्यासारखं, पण भीती वाटत नाही हो. आणि हे तर मुलीचा बळी द्यायचं नृत्यनाट्य!

शेवटच्या नाचात मात्र ९१ ला मार्क द्यायलाच पाहिजेत, तिथं दर दोन पावलाला तालाचं माप बदलतंय आणि बुलेझ हातात काठी न धरता नुसत्या पंजानं ते सगळं सांभाळतोय, एक आघात इकडचा तिकडं नाही. आपल्या सुळेभावीचे कुमारजी (कुमार गंधर्व) तरी एकच राग दोनदा सारखा कुठं गायचे, मग ह्यालाच एका रेकॉर्डिंगला का बांधायचं? मला विचाराल तर आधी ६९ चंच लावा, आवाज वाढवून.