मुलं गेली, तीन बेडरूम उरल्या. विकून लहान घर घ्यावं का?

तिसरा_मजला: स्पष्टच लिहिते, माझं मत झालेलं आहे, पण घरात रोज तेच तेच वाद होतायत म्हणून म्हटलं बाहेरचे काय म्हणतात बघू. आम्ही दोघंच. हे सत्तरीला टेकलेत, मी पासष्टची. पुण्यात सहकारनगरला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर थ्रीबीएचके, लिफ्ट नाही. मुलगा सिॲटलला, मुलगी बंगळूरला. दोन बेडरूम जवळजवळ वर्षभर बंद, पण धुळीला कोण सांगणार, केरफरशी सगळ्या घराची करावीच लागते आणि मावशी पैसेही तसेच घेतात. भाजीची पिशवी घेऊन वर येताना मला दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागतं आणि हे तर संध्याकाळी खाली उतरायचंच टाळायला लागलेत, म्हणतात आज कंटाळा आलाय. कंटाळा नाही, गुडघे आहेत ते. माझं म्हणणं, हे विकून लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये छोटा टूबीएचके घ्यावा, उरलेला पैसा हाताशी ठेवावा, आणि हे हातपाय चालतायत तोवर करावं, नाहीतर उद्या मुलं आठ दिवसांची रजा काढून येणार आणि माझ्या संसारातलं काय ठेवायचं नि काय रद्दीत घालायचं ते ती ठरवणार. ह्यांचं म्हणणं, राहतं घर विकू नये आणि गौरी कुठे बसवायच्या. बोला.

पर्वती_पायथा: काकू, अजिबात विकू नका!! जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, सहकारनगरची जागा, म्हणजे आज ना उद्या रीडेव्हलपमेंट होणारच. ५१ टक्के सभासदांची संमती झाली की पुढे जाता येतं. आहे त्यापेक्षा जास्त कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळेल, लिफ्ट मिळेल, पार्किंग मिळेल, आणि शेजारीपाजारी तेच. आत्ता विकलंत तर हा सगळा फायदा घेणाऱ्याच्या खिशात जाणार.

तिसरा_मजला: आमच्याकडे किती वर्षं नुसत्या मीटिंगाच चालू आहेत. एका विंगला हा बिल्डर नको, दुसऱ्या विंगला तो नको.

हिशेबी_माणूस: @पर्वती_पायथा, सत्तरीच्या माणसाला रीडेव्हलपमेंट सुचवताना एवढं लक्षात घ्या की घर दोनदा हलवायचं, मधली किमान तीन वर्षं भाड्याच्या जागेत, आणि काम रखडलं की बिल्डरकडून येणारं भाडं आधी बंद होतं. पंचेचाळिशीच्या माणसाला परवडतं ते.

पण काकू, तुमचंही गणित जरा तपासून घ्या. लोक म्हणतात दीड कोटीला विकलं, एक कोटीला घेतलं, पन्नास लाख सुटले. तसं नसतं. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी मेट्रो सेस वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे तिथेच ७ लाख. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर बायकांसाठीची १ टक्का सूट आहे. रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे. बांधकाम चालू असलेलं घेतलं तर वर ५ टक्के जीएसटी, कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेलं किंवा रीसेल असेल तर तो नाही. दोन्ही व्यवहारांत एजंट. मग ग्रिल, पडदे, ओटा, शिफ्टिंग. पन्नासचे पस्तीस कधी होतात कळत नाही.

आता टॅक्स. नफ्यातला जेवढा भाग नव्या घरात गेला त्यावर टॅक्स नाही (कलम ५४ म्हणून सगळे ओळखतात ती सवलत, नवं घर विकण्याच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत घ्यायचं). उरलेल्या नफ्यावर १२.५ टक्के, किंवा तुमच्यासारखं २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर इंडेक्सेशन लावून (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरून) २० टक्के, दोन्हीतलं कमी पडेल ते. उरलेला नफा ६ महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांच्या त्या खास बाँडमध्ये टाकला तर टॅक्स वाचतो, मर्यादा ५० लाख, पण पैसा ५ वर्षं अडकतो आणि व्याज बेताचंच. म्हणजे 'हाताशी' म्हणताय तो पैसा पंच्याहत्तरीला हाताशी येणार! घर २००१ च्या आधीचं असेल तर खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या, आपल्या मनाने आकडा टाकू नका.

ठाण्याची_मावशी: आम्ही केलंय हे, म्हणून लिहिते. त्याच सोसायटीत मोठा फ्लॅट विकून वनबीएचके घेतला, माणसं तीच राहावीत म्हणून. वाटलं होतं मेंटेनन्स निम्मा होईल. कसला होतोय! आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) सर्व्हिस चार्जेस, म्हणजे वॉचमन, कॉमन लाइट, ऑफिसखर्च हे सगळं प्रत्येक फ्लॅटला सारखं, फ्लॅट केवढा का असेना. सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी सोसायटी साठवते तो पैसा) नि दुरुस्तीचं तेवढं थोडं कमी झालं.

दुसरं, नवीन बिल्डिंगमध्ये माळाच नसतो हो. जुन्या घरात स्वयंपाकघरावर, बाथरूमवर, पॅसेजवर माळे, त्यात तांब्याचा बंब, पिंपं, गणपतीचं मखर, मुलांचे पाळणे, सुनेने कधी न बघितलेली पातेली. बंब मोडीत घातला तेव्हा दुकानदाराने आधी आतली जाळी काढायला लावली आणि मग वजन केलं, सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं त्यावर, त्याचे काही वेगळे पैसे मिळत नाहीत. सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्याच्या वळणावर फिरेना, शेवटी खालीच विकलं. पण एक सांगते, सहा महिन्यांनी त्यातली एकही वस्तू आठवत नाही. केरफरशी मी स्वतः करते आता, वीस मिनिटांत. करा बिनधास्त.

बे_एरियातला_मराठी: दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण मी तुमच्या मुलाच्या जागी आहे. माझ्या आईबाबांनी असंच लहान घर घेतलं. आता आम्ही चौघं डिसेंबरमध्ये येतो तेव्हा दोघं हॉलमध्ये गाद्या टाकून, मुलं जेट लॅगमध्ये रात्री दोनला उठतात, बाबांची झोपमोड, चौथ्या दिवशी सगळ्यांचीच चिडचिड. आम्ही हॉटेल बघायला लागलो तर आई रडली. पाहुण्यांची एक खोली ठेवाच, प्लीज.

पर्वती_पायथा: हेच म्हणतोय मी!

ठाण्याची_मावशी: बाळा, राग मानू नकोस, पण वर्षातले पंधरा दिवस तुला झोपायला खोली हवी म्हणून तुझ्या आईने उरलेले साडेतीनशे दिवस ती पुसत बसायची का? सोसायटीत गेस्ट रूम असते, शेजारचा फ्लॅट महिनाभर भाड्याने मिळतो.

बे_एरियातला_मराठी: मावशी, पुसायला बाई लावायचे पैसे मी देतो की. ते घेत नाहीत ही वेगळी गोष्ट.

निवृत्त_अभियंता: तुम्ही सगळे चौरस फुटांवर भांडताय. ह्या वयात घर किती मोठं हा प्रश्नच दुय्यम आहे, संडासाच्या दारातून व्हीलचेअर आत जाते का ते आधी बघा. बहुतेक बिल्डर बाथरूमचं दार अडीच फुटाचं किंवा त्याहूनही अरुंद देतात. महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले त्यात दार किमान ९०० मिमी, रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, असं स्पष्ट दिलंय. ते बंधन त्या प्रकल्पांपुरतं, पण कुठलाही टूबीएचके बघायला जाताना टेप घेऊन जायला कोणी अडवत नाही. पाषाणला, बाणेरला ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या अथश्रीसारख्या वसाहतीही बघा, जेवणाची सोय असते, पण महिन्याचा खर्च आधी लेखी घ्या आणि पुढे घर विकताना काय अटी आहेत ते वाचा.

आणि लिफ्ट लिफ्ट करताय, जनरेटर बॅकअप लिफ्टला आहे का विचारा. नाहीतर तिसऱ्याऐवजी अकराव्या मजल्यावर अडकाल.

तिसरा_मजला: टेपचं पटलं. ज्येष्ठांच्या वसाहतीला मात्र हे तयार नाहीत, म्हणतात सगळे म्हातारेच, मी काय करू तिथे. (स्वतः बाविशीचे असल्यासारखं.)

गौरींचं म्हणाल तर जाऊबाईंकडे हॉल मोठा आहे, पण 'आपल्या गौरी दुसऱ्याच्या घरी' ह्यावर घरात दोन दिवस अबोला झाला. तो प्रश्न मी इथे सोडवायला आणलेला नाही.

हिशेबी_माणूस: काकांना तयार करायचं असेल तर एक करा. विकूच नका लगेच. लिफ्टवाला टूबीएचके ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर घ्या, तुमचा थ्रीबीएचके तसाच भाड्याने द्या. येणाऱ्या भाड्यात जाणारं भाडं निघेल. करमलं तर मग विका, नाहीतर परत.

पर्वती_पायथा: चला, ह्यावर तरी एकमत. आणि तोवर रीडेव्हलपमेंटचंही समजेल 😀

ठाण्याची_मावशी: एकमत कसलं? बिनलिफ्टचा तिसरा मजला कुठलं कुटुंब भाड्याने घेणार, स्टुडंटच येणार, आणि सोसायट्या बॅचलरवरून किती कटकट करतात ते माहितीये ना. वर ह्यांचं सामान कुठे ठेवणार? एक खोली कुलूप लावून ठेवली तर भाडं तेवढं कमी.

तिसरा_मजला: सामानाच्या खोलीला कुलूप म्हटल्यावर ह्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली, म्हणाले त्या अटीवर बघायला येतो. रविवारी दोन घरं बघतोय, बिबवेवाडीला एक आणि सिंहगड रोडला एक. भाड्याचा करार ऑनलाइन होतो म्हणतात तर त्यात दोघांची नावं टाकावीत की एकाचं, कोणाला माहीत असेल तर सांगा.