मदत हवी आहे: टाकी फुल्ल केली की गाडीत पेट्रोलचा वास

नमस्कार मंडळी. बाबांची 1999 ची कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. पंधरा दिवसांपासून आत पेट्रोलचा वास येतो. टाकी फुल्ल केली की मागे बसणाऱ्याचं डोकं धरतं, अर्ध्यावर आली की वास गायब! त्यात आपलं नागपूरचं ऊन. सीताबर्डीत तासभर उभी केली की दार उघडताच भपकारा. आई म्हणते, "बाप्पा, हा तर पेट्रोल पंपच!"

मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ करून 850 रुपये घेतले. वास तसाच. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून पाहिला, एक थेंब नाही. शेवटी मीच मागची सीट काढली. टाकीच्या फ्लोटच्या (पेट्रोल किती आहे ते मोजणारा तरंगता भाग) झाकणाभोवती धूळ ओली, काळी होऊन चिकटलेली. त्या झाकणाखालचा रबरी वायसर बोटाने दाबला तर कडक, चिरलेला. माझा संशय त्याच्यावरच. पण पेट्रोल भरायच्या नळीच्या रबरी पाइपलाही बारीक भेगा आहेत.

टाकी न उतरवता वायसर बदलता येतो का? पाइपही सोबतच बदलू? इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारं रबर नागपुरात कुठे मिळेल?

सध्या टाकी अर्धीच ठेवतो, गाडी अंगणात उघड्यावर. तुळशीपुढचा दिवा आईने घरात हलवलाय.