लॅसिकनंतरचा कोरडेपणा: एसी, स्कूटर आणि फोडणीचं काय करता?

मदत हवी आहे. बहिणीच्या दोन्ही डोळ्यांचं लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) होऊन तिसरा आठवडा चालू आहे. तपासणीत फ्लॅप (लेसरसाठी कापून उचललेला कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ थर) नीट बसलाय, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडचे थेंब संपलेत. उरलाय कोरडेपणा. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात, म्हणून पापण्या कमी मिटतात आणि अश्रूही कमी येतात. सुधारायला काही महिने लागतात, हे माहीत आहे. अडचण रोजच्या दिवसाची आहे.

कोरडेपणासाठीचे थेंब ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे (कृत्रिम अश्रू), प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकदाच वापरायच्या कुपीतले. ऑफिसात एसीचा झोत थेट तोंडावर येतो. जागा बदलून मिळत नाही. स्क्रीन नजरेच्या खाली घेतली तर डोळा कमी उघडा राहतो आणि बराच फरक पडतो. झोत वळवायला एसीवर डिफ्लेक्टर कुणी बसवलाय का? कुठला टिकतो?

स्कूटरवर हेल्मेटची काच खाली घेतली की वाफ धरते, वर केली की धूळ. डोळा चोळायची तर सक्त मनाई, फ्लॅप सरकू शकतो. कडेने बंद असलेले, वाफ न धरणारे गॉगल हेल्मेटच्या आत मावतात का?

मिरचीच्या फोडणीला ती सध्या स्वयंपाकघराबाहेरच थांबते. रात्री डोळ्यांत कोरडेपणाचं जेल घालणाऱ्यांना सकाळी किती वेळ धूसर दिसतं, तेही सांगा. पहाटे साडेपाचची लोकल पकडायची असते.

दुखणं, लाली, अचानक अंधुक दिसणं असं काही झालं तर थेट डॉक्टरकडेच जाणार, ते इथे विचारत नाहीये.